देवापुढचा रोटर

आमचे अप्पा, मळमड्डीतले शेषगिरी मास्तर, भयंकर तापट. त्यांच्या जुन्या गाडीला दुसऱ्यानं हात लावायची सोय नव्हती. दर खंडेनवमीला ते इंजिनातला रोटर काढून पान्या-पकडींबरोबर देवापुढे मांडायचे, कुंकू लावायचे. त्याच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, म्हणून दसऱ्याला सकाळी आरती झाली की स्वतःच परत बसवायचे.

सत्त्याण्णवच्या दसऱ्याला आम्ही सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला हुबळीला निघालो, तर गाडी ढिम्म. अप्पांनी बॅटरी पाहिली, प्लग पुसले, मग रोटरवरचं झाकण काढलं आणि गरजले, "रोटर चोरला! त्या शेजारच्या महेशला बोलवा, त्याचाच डोळा होता गाडीवर!"

गल्ली गोळा झाली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई देवघरातून ताम्हण घेऊन आली. कुंकवानं माखलेला रोटर त्यात होता.

"हा कुणी ठेवला तिथं?" अप्पा खेकसले.

"अहो, तुम्हीच. काल पूजेला. दर वर्षी ठेवता की."

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थिजले. अप्पांनी रोटर उलटसुलट करून पाहिला. मग, जन्मात कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "दर वर्षी?"