जुन्याशी जुळलेलं जुनं

माझं काम काय आहे ते लोकांना सांगता येत नाही. नागपुरात हुडकेश्वरला आमच्या शेजारच्या काकूंना सांगायचा मी एकदा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, "तुम्ही कॉम्प्युटरवर प्रिंटचं बटण दाबता आणि कागद बाहेर येतो ना, त्याच्या मधलं जे आहे ते मी सांभाळते." काकू म्हणाल्या, "मंधात काय रायते वं? कागदच त येते." यात त्यांची काही चूक नाही. मधलं बिघडत नाही तोवर ते कोणाला दिसतच नाही.

मधे असतो आमच्या कंपनीचा प्रोग्राम. तो कागदपत्र वाचतो आणि पानावर कुठे शाईचा ठिपका पडायचा ते ठरवतो. प्रत्येक प्रिंटरची भाषा निराळी, म्हणून प्रत्येकासाठी कोडचा एक वेगळा तुकडा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा प्रिंटर आला की कोणीतरी जुन्या ड्रायव्हरची नक्कल करायची, चार ओळी बदलायच्या आणि जेवायला जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. नकलेबरोबर चुकाही पुढे जायच्या. हा पसारा आवरायचं काम आमच्या नागपूर शाखेकडे आलं. सगळ्या ड्रायव्हरांत जे सारखं आहे ते एका जागी आणायचं, आणि छापलेल्या पानावरचा एक ठिपकाही हलू द्यायचा नाही.

शाखा म्हणजे मी आणि माझे एक सहकारी, त्यांना मी भाऊ म्हणते, बस. भाऊ माझ्याहून बरेच मोठे, रोज सावनेरहून बसनं यायचे. पुण्याच्या साहेबांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की हे नीट झालं तर नागपूर राहील, नाहीतर शाखा बंद करून सगळं पुण्याला नेऊ. मी पुण्यात बरीच वर्षं काढून मोठ्या मुश्किलीनं घरी परत आले होते. पण मी निदान परत जाऊ शकले असते. पन्नाशीच्या भाऊंना नवी नोकरी कोण देणार? त्यांची बायको सावनेरच्याच शाळेत शिकवते, ती कुठे हलणार?

म्हणून आम्ही फार जपून काम केलं. रीत पुण्याचीच होती; आपल्या वाट्याचे ड्रायव्हर पुण्यानं याच रीतीनं आधीच आवरले होते. जुन्या ड्रायव्हरला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी नवा लिहायचा. नाव मात्र तेच ठेवायचं, कारण ग्राहकांकडे त्याच नावानं त्याला हाक मारली जाते. मग पुण्यानं दिलेला तपासणीचा प्रोग्राम चालवायचा. तो आधीचं पान आणि आताचं पान ठिपक्याला ठिपका लावून बघतो. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. सगळं हिरवं झालं की अगदी शेवटी जुना ड्रायव्हर काढून टाकायचा.

आमचं सगळं हिरवं आलं. एकूण एक. मला वाटलं, आपण काय भारी माणसं आहोत! साहेबांनी फोनवर तोंडभरून कौतुक केलं आणि शाखा राहणार असं सांगितलं. भाऊंनी संत्रा बर्फीचा डबा आणला. आम्ही दोघांनी पोटभर खाल्ली, उरलेली फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. भाऊ जुने ड्रायव्हर काढायला बसले होते.

"ताई, इकडे या बरं."

कॉम्प्युटरचा पडदा लाल होता. वरपासून खालपर्यंत लाल. एका पानाचा मजकूर अर्धा कागदाबाहेर गेला होता, एक पान उलटं होतं, एक तर सबंध काळं.

"तुम्ही काय करून ठेवलं, भाऊ?" मी ओरडलेच.

"काहीच नाही जी. फक्त जुनं काढलं. ते त वापरातच नव्हतं ना?"

भाऊंनी जुनं परत टाकलं. हिरवं. काढलं. लाल. पुन्हा टाकलं. हिरवं. माझ्या हातातली बादली मी तशीच धरून उभी होते, पायांवर पाणी सांडत होतं.

एकाच इमारतीत एकाच नावाची दोन माणसं राहत असली की पोस्टमन खालच्या मजल्यावर पत्र टाकून मोकळा होतो. आमच्या प्रोग्रामनं तेच केलं होतं. नाव पुकारलं की यादीत जो आधी सापडेल तो घ्यायचा, आणि जुना कायम आधी होता. आम्ही लिहिलेलं कोड आजवर एकदाही चाललं नव्हतं. ते हिरवं म्हणजे जुनं जुन्याशीच जुळत होतं.

आधी मला हसू फुटलं. मग साहेबांचा कालचा फोन आठवला.

भाऊ खिडकीकडे बघत म्हणाले, "ताई, जुनं राहू देऊ. हिरवंच दिसते. कोणाले समजते?"

मी चिडायला हवं होतं. पण क्षणभरापूर्वी माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि त्याचा धक्का मला त्या लाल पडद्यापेक्षा मोठा बसला. मी म्हटलं, "भाऊ, कोणीतरी कधीतरी हे जुनं काढणारच. त्या दिवशी कोणाच्या तरी ऑफिसात अशी काळी पानं निघतील. तेव्हा काय सांगायचं?"

भाऊंनीच फोन माझ्यापुढे सरकवला.

मी साहेबांना सगळं सांगितलं, जराही न सावरता. शाखा गेली असं धरूनच बोलत होते. बोलता बोलता एक गोष्ट खरंच कळेना म्हणून विचारलं, "सर, रीत तुमची, तपासणीही तुमची. मग तुमच्याकडे जुनं काढल्यावर हे लक्षात कसं आलं नाही?"

तिकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"आम्ही जुनं कधी काढलंच नाही," साहेब म्हणाले. "सगळं हिरवं होतं. मग राहूनच गेलं."

मी खुर्चीत बसले. दर मीटिंगला ज्या पुण्याच्या कामाचा दाखला देऊन आम्हाला कानकोंडं केलं जायचं, ते काम! त्या बढाया ऐकून मी घरी येऊन भांडी आपटली होती. आता खूश व्हायला हवं होतं, आणि मला चक्क भीती वाटत होती.

"आमचं जुनं काढून बघा," साहेब म्हणाले. "आत्ताच. मी थांबतो."

भाऊंनी पुण्याच्या ड्रायव्हरांतलं जुनं काढलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो.

"लाल?" साहेबांनी विचारलं.

"लाल, सर. सगळं."

मग भाऊ पुढे झुकले. पुण्याच्या फोनवर ते सहसा तोंड उघडत नसत. जपून, पुस्तकी मराठीत त्यांनी विचारलं, "सर, मग शाखेचं काय ठरवायचं?"

"कोणती बंद करू, तुमची की आमची?" साहेब म्हणाले. "तुम्हीच सांगा."

फोन ठेवल्यावर भाऊंनी फ्रिजमधून बर्फीचा डबा काढला आणि लाल पडद्यासमोर ठेवला. "घ्या ताई," ते म्हणाले, "काल फुकटची खाल्ली. आज काम सुरू होऊन राहिलं."

मी तुकडा उचलला आणि खुर्ची लाल पडद्याकडे ओढली.