ऐंशी डाव्या बाह्या

हॉटेलातल्या वाढप्यांसाठी चाळीस कोट शिवायचे होते. म्हणजे चाळीस डाव्या बाह्या आणि चाळीस उजव्या, एवढा हिशेब तर कुणालाही समजतो. कारखान्यात कापणी करणाऱ्या मास्तरांनी कापल्या ऐंशी डाव्या.

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ही चूक ज्याला कापडातलं काही कळत नाही त्याच्या हातून होऊच शकत नाही. कारखान्यात कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरतात, सगळ्यांची सुलट बाजू वर. सर्वांत वरच्या थरावर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूने आखतात आणि विजेच्या पात्याने सगळे थर एकदम कापतात. डावी बाही आखून झाली की तोच नमुना पालथा घालायचा, म्हणजे उजवी मिळते. मास्तरांनी नमुना उचलला, पुढे सरकवला आणि तसाच ठेवला. पालथा घातलाच नाही. आखणी सुरेख होती, काप त्याहून सुरेख. सव्वीस वर्षांत एवढे स्वच्छ काप त्यांनी क्वचितच घेतले असतील.

शिलाईच्या बाईंनी पहिला कोट पुरा केला आणि गंमत म्हणून स्वतःच्या अंगात घातला, तर उजवा हात जाऊन पाठीमागे उभा राहिला. बायका हसल्या. मग कुणीतरी ढिगातल्या बाह्या चाळल्या आणि हसू बंद झालं. कापड एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नव्हती.

मास्तर टेबलापाशी उभे होते. त्यांना आखल्याचं आठवत होतं, कापल्याचंही आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं. कुणी त्यांच्या डोक्यातलं एक पान फाडून नेलं होतं आणि ते कधी नेलं याचा पत्ता नव्हता.

मालक आले. ते वयाने मास्तरांपेक्षा लहान, त्यामुळे ओरडायची पंचाईत. त्यांनी बाह्या पाहिल्या, मास्तरांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

"मास्तर, कापड गेलं तर जाऊ द्या. पण ते पातं बोट बघत नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही उभ्या उभ्या पेंगत होतात, मी पाहिलंय. डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तोवर पात्याला हात लावायचा नाही."

"मी बरा आहे," मास्तर म्हणाले.

"मग चिठ्ठी मिळायला काय हरकत आहे?"

चिठ्ठीचीच तर मास्तरांना धास्ती होती. मास्तरांचे वडील याच टेबलावर कापणी करायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते मापं विसरू लागले, मग माणसं. काम सुटलं, आणि पुढची अकरा वर्षं ते घरात खिडकीपाशी बसून राहिले आणि तसेच गेले. सगळे म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मास्तर आता चौपन्न वर्षांचे होते. वर्षभर त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मापं मनगटावर पेनने लिहायची, नाव आठवलं नाही तर समोरच्याला 'काय साहेब' म्हणायचं, सकाळी डोकं ठणकलं तर दाराआड उभं राहून कपाळ दाबायचं. घरात मात्र विनाकारण खेकसणं वाढलं होतं. आपल्याही डोक्यात तेच शिरलंय, याबद्दल त्यांची खात्रीच होती. डॉक्टरने ते नुसतं कागदावर उतरवायचं, की संपलं.

ते नाही नाही म्हणत असताना बायकोने त्यांना डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, वयाने मुलीसारख्या. त्यांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मास्तरांना घाम फुटला, पण बरीचशी उत्तरं जमली. मग बाईंनी भलतंच विचारलं.

"झोप लागते का?"

मास्तरांना सुटल्यासारखं वाटलं. निदान एका विषयात तरी ते पैकीच्या पैकी होते. "डोकं टेकायचा अवकाश. नऊ नऊ तास झोपतो. घरात विचारा, ढोल वाजवले तरी हलत नाही."

"आणि झोप होते का?"

"म्हणजे?"

"उठल्यावर झोप झाली असं वाटतं का?"

मास्तर गोंधळले. लागते आणि होते यांत फरक असतो, हे चौपन्न वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "लागली म्हणजे झालीच ना," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. शेवटचं कधी ताजंतवानं वाटलं होतं हे ते आठवू लागले आणि आठवता आठवता खुर्चीतच त्यांना डुलकी आली.

डॉक्टर बाईंनी बायकोकडे मोर्चा वळवला. "घोरतात?"

"अहो, घोरतात म्हणजे काय! भिंती हादरतात." नवऱ्याची तक्रार मांडायला अखेर कुणीतरी विचारलं, या आनंदात ती जरा मोकळी झाली. "पण अधूनमधून थांबतात हो. एकदम गप्प होतात. त्या शांततेतच माझा काय तो डोळा लागतो. मग पुन्हा मोठ्ठा हुंदका दिल्यासारखं करतात आणि सुरू."

"त्या शांततेत त्यांचा श्वास बंद असतो," डॉक्टर बाई म्हणाल्या.

किती वर्षं बायको त्या शांततेची वाट पाहत पडून राहायची. ती आली की मनात म्हणायची, चला, आता गाढ झोपले. तिने मास्तरांच्या बाहीचं टोक धरलं आणि तपासणी संपेपर्यंत सोडलं नाही.

झोपेची चाचणी झाली. मास्तरांना अंगभर वायरी चिकटवून एका खोलीत झोपवलं. त्यांच्या मते झोप नेहमीसारखीच झकास लागली होती. सकाळी कागद हाती आला: श्वास तासाला त्रेचाळीस वेळा अडत होता.

"अशक्य," मास्तर म्हणाले. "तासाला त्रेचाळीस वेळा श्वास अडला, तर मी जागा नसतो का झालो?"

"पुरतं जागं होत नाही माणूस. घसा मिटतो, हवा जात नाही, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू धक्का मारून श्वास चालू करतो. तुम्हाला पत्ता नसतो, पण झोप मोडतेच." डॉक्टर बाई शांतपणे सांगत होत्या. "सकाळचं डोकं दुखणं, पेंग येणं, विसरणं, चिडचिड, हे सगळं यातून येऊ शकतं. रक्तदाबही वाढलाय तुमचा. असंच चालू राहिलं तर हृदयावर ताण येतो. पण यावर उपाय आहे."

मास्तरांना काय वाटावं तेच कळेना. वर्षभर त्यांनी वेड लागण्याची तयारी केली होती, आणि ही पोरगी म्हणत होती की तुम्ही नुसते जागे आहात. नऊ तास झोपून जागे. हे पहिल्यापेक्षा बरं की वाईट, त्यांना ठरवता येईना.

उपाय म्हणजे एक यंत्र. उशाशी डबा, डब्याला नळी, नळीला मुखवटा. नाकातोंडावर तो बांधून झोपायचं, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तो झोपेत चार वेळा ओढून फेकला. हवा कडेने फुसफुसत डोळ्यांत जायची. बायको म्हणाली, "सवय होईल." मास्तर म्हणाले, "सवयीचा प्रश्न नाही, माप चुकलंय." इथे मात्र त्यांचं डोकं शंभर टक्के चाललं. गालाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत त्यांनी टेप लावला आणि मुखवटा एक माप मोठा असल्याचं दवाखान्यात जाऊन सांगितलं. खरंच मोठा होता. लहान मिळाला. डॉक्टर बाईंनी वजनही कमी करायला सांगितलं होतं, ते मात्र त्यांना नेमकं ऐकू आलं नव्हतं. बायकोला आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मास्तर उठून पलंगावर नुसते बसून राहिले. काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी हात पाहिले, पाय पाहिले. काय बिनसलंय ते कळायला बराच वेळ लागला. डोकं दुखत नव्हतं.

दोन महिन्यांनी चिठ्ठी मिळाली. मालकांनी ती वाचली, पातं मास्तरांच्या हाती दिलं, आणि पहिला अख्खा दिवस काही ना काही निमित्त काढून टेबलाभोवती घुटमळत राहिले. एकही तुकडा चुकला नाही. तरीही शिलाईच्या बायकांनी प्रत्येक बाही दोनदा तपासली.

पुढच्या तपासणीला मास्तर एकटेच आत गेले. रक्तदाब उतरला होता. डॉक्टर बाई खूश होत्या. मास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"बाई, आमचे वडीलही घोरायचे. शेजारच्या घरात ऐकू जायचं."

"दिवसा पेंगायचे?"

"जेवताना घास हातात राहायचा. मग विसरायला लागले. त्यांचंही हेच होतं का?"

बाई म्हणाल्या, "असू शकतं. नसूही शकतं. कदाचित दोन्ही असतील. तपासणी झाली नव्हती ना? मग आता कुणालाच सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर बायको बसली होती. त्यांचा चेहरा पाहून ती घाबरून उठली. "काय म्हणाल्या?"

"मी बरा आहे."

"मग असं का बघताय?"

मास्तर तिच्या शेजारी बसले. त्यांना खरं तर हसायला हवं होतं, तीही हसली असती. आपण वाचलो याचा आनंद आत कुठेतरी होताच, पण त्याला बाहेर यायला वाटच सापडत नव्हती.

"बाबांचं काम सुटलं नव्हतं," ते म्हणाले. "मी सोडवलं. जुन्या मालकांना मीच सांगितलं, यांना आता जमत नाही, टेबल मला द्या. बाबा रोज सकाळी कपडे घालून तयार बसायचे. मला म्हणायचे, मला कामावर घेऊन चल. अकरा वर्षं. आणि मी म्हणायचो, उद्या नेतो."