गोली सरांचा गेलेला गोल

सुलभाबाईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन धरून ठेवला, म्हणून गोली सर मला शेवटचे दिसले. सुलभाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. नवऱ्याच्या शवपेटीशेजारी उभं राहायचं, एका हातात फोन धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही, एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं. मी इकडे तुतिकोरिनच्या बंदरावर. रजा मिळाली असती तरी वेळेत पोचलो नसतो. मंडळाची माणसं सारखी कॅमेऱ्याच्या आड येत होती आणि बाई त्यांना हळूच म्हणत होत्या, "बाजूला व्हा जरा, त्याला दिसत नाही." त्याला म्हणजे मला, नववीत शाळा सोडलेल्याला.

गोलकीपरला आमच्याकडे गोली म्हणतात. सर नगरच्या शाळेत भूमिती शिकवायचे आणि शहरातल्या त्या मंडळाच्या फुटबॉल संघाचा गोल राखायचे. त्यांच्याइतका टाळ्यांचा तिरस्कार करणारा माणूस मी पाहिला नाही. गॅदरिंगला पाहुणे भाषण संपवून बसले की सगळी शाळा टाळ्या पिटायची आणि सर हाताची घडी घालून बसायचे. बोटं मोडून मोडून वाकडी झाली होती हे एक कारण. दुसरं त्यांनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं, "हात रिकामे असले की टाळ्या वाजतात. मला चेंडू धरायचा असतो."

त्याच सरांच्या शोकसभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ पाहिला म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. एकेक वक्ता उठायचा, गळा दाटून आल्यासारखं करायचा, सर कसे आपल्याला मुलासारखं मानायचे ते सांगायचा आणि खाली बसताना टाळ्या घ्यायचा. काहींनी तर सरांबद्दल बोलता बोलता आपल्या वॉर्डातलं गटाराचं कामही सांगून घेतलं.

सरांची जीभ तिखट होती. उशिरा येणाऱ्याला "या महाराज, पालखी कुठं ठेवली?" आणि प्रमेय चुकणाऱ्याला "तुझा त्रिकोण बघून त्रिकोणाला रडू येईल." मी देवळाली प्रवऱ्याहून आलेला होस्टेलचा मुलगा. तोंड उघडायची मला अशी भीती, की जेवणात मीठ नसलं तरी मागायचो नाही. सरांनी हे हेरलं आणि मला शाळेच्या संघात थेट गोलमध्ये उभं केलं. सगळे हसले. सर म्हणाले, "मुक्यासाठी हीच जागा. इथं बोलल्याशिवाय सुटका नाही."

पहिल्याच सामन्यात समोरचा एक पोरगा आमच्या बचावातल्या बॅकच्या पाठीमागून सरकत आला. मला दिसला. मी गप्प. गोल झाला. हाफटाइमला सर संत्र्याची फोड सोलत जवळ आले.

"काय पाटील, तो दिसला होता का?"

"व्हय सर."

"मग त्याला पत्र टाकणार होतास?"

मी मान खाली घातली. तेव्हा ते जे म्हणाले ते मी आजवर विसरलो नाही. म्हणाले, "दहा जणांच्या पाठी तुझ्याकडे असतात. त्यांच्या मागनं कोण येतंय ते फक्त तुला दिसतं. दिसतं तर बोल."

आता सरांच्या शेवटच्या फायनलबद्दल. सरांचं वय झालं होतं, तरी संघाला दुसरा गोली मिळाला नव्हता. समोर लष्कराच्या छावणीतला संघ. आम्ही होस्टेलची पोरं गोलच्या मागेच बसलो होतो. शेवटी शेवटी त्यांचा एक जण एकटाच चेंडू घेऊन आला. वर्गात शिकवायचे तसे सर कोन लहान करायला पुढे धावले आणि त्याने चेंडू त्यांच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकला. सर मागे उलटे झेपावले, पूर्ण आडवे झाले. बोटांच्या वरून चेंडू आत गेला. आम्ही हरलो.

आणि मग आमच्याच लोकांनी जे केलं! ज्यांच्यासाठी सर मोडक्या बोटांना चिकटपट्टी लावून उभे राहायचे, तेच मैदानाच्या भिंतीवर चढून आया-बहिणी काढायला लागले. सर्वांत पुढे बापूशेठ. तेव्हा नुसता बापू होता, दुकान आणि मंडळाचं अध्यक्षपद दोन्ही व्हायचं होतं. "मास्तर, पोरांना पाढे शिकव, हितं काय काम हाय तुझं?" असं ओरडून त्याने चप्पल भिरकावली. सरांनी ती उचलली, सामना संपल्यावर भिंतीपाशी गेले आणि त्याच्या हातात दिली. म्हणाले, "घ्या. एका पायानं घरी कसं जाणार?" त्यानंतर कितीतरी दिवस 'मास्तरनं मॅच विकली' अशी कुजबुज शहरात चालू होती. सर पुन्हा संघाकडून खेळले नाहीत.

एका पेपरवाल्याने त्या झेपेचा फोटो काढला होता. सर हवेत आडवे, हात ताणलेले, आणि चेंडू बोटांच्या पलीकडे. सरांनी तो मागून आणला, फ्रेम केला आणि सावेडीतल्या घरात दारासमोरच्या भिंतीवर लावला. कुणी हरल्याचा फोटो लावतं का घरात, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी तिथे चहा पीत होतो. सर म्हणाले, "वाचवलेले गोल लोकांच्या तोंडी आहेत. ते वाढतील, कमी होतील. हा एकच खात्रीनं माझा आहे." पुढे घरात कुणी पाहुणा फुशारकी मारायला लागला की सर बोलायचे नाहीत, नुसते त्या फोटोकडे बघायचे.

वडिलांची नजर गेली, टेम्पो चालवणं बंद झालं आणि मला शाळा सोडावी लागली. बाकीचे मास्तर हळहळले. सरांनी हळहळ वगैरे केली नाही. माळीवाड्याच्या स्टँडवर आले आणि म्हणाले, "शाळा सोडतोयस ते ठीक. बोलणं सोडलंस तर मात्र तिथं येऊन कान पिळीन." बाईंनी चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. फिरत फिरत या बंदरावर लागलो. जहाजावर उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या आणि खालच्या माणसांना ओरडून बाजूला करायचं, हे माझं काम. मला तमिळचे चार शब्द येतात, पण ओरडायला तेवढे पुरतात. सुरुवातीला पळून यावंसं वाटायचं. तेव्हा फोन केला की बाई रागवायच्या नाहीत, म्हणायच्या, "समुद्राचा आवाज ऐकव बरं." त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मी धक्क्यावर जाऊन फोन हवेत धरायचो आणि तेवढ्यात माझं रडू थांबायचं.

सर गेले आणि दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही होतो, तिथे त्याचा फोटो आला. वर मोठ्या अक्षरात 'अभेद्य भिंत कोसळली'. खाली शोकाकुल म्हणून डझनभर चेहरे, गॉगल लावलेलेही. बापूशेठचा सरांपेक्षा मोठा. आणि मध्यभागी फोटो तोच. झेपावलेले सर, आणि त्यांच्या बोटांपलीकडे, नीट बघितलं तर आंधळ्यालाही दिसेल असा, आत चाललेला चेंडू.

ग्रुपवर आठवणींचा पूर आला होता. 'हा सेव्ह मी डोळ्यांनी पाहिला.' 'या सेव्हमुळे आपण फायनल जिंकलो.' बापूशेठने लिहिलं होतं, 'मॅच झाल्यावर सरांनी स्वतः येऊन माझ्याशी हात मिळवला.' चप्पल परत घेताना हात लागला असेल, तेवढंच खरं.

बाईंचा फोन आला. आवाज लहान झाला होता. मंडळाची माणसं फ्लेक्ससाठी म्हणून फ्रेम घेऊन गेली, ती परत आणलीच नाही. मागितली तर म्हणाले, मंडळ सरांच्या नावानं स्पर्धा घेणार आहे, तिच्या स्टेजवर ती लागेल, नंतर ऑफिसात. "भिंतीवर नुसता खिळा राहिलाय रे," बाई म्हणाल्या. "सकाळी उठलं की आधी तिकडंच बघायची सवय आहे."

मी बोलावं की नाही? माझा धाकटा भाऊ बापूशेठच्याच दुकानात कामाला आहे. घरी आई आणि डोळ्यांनी अधू वडील. मी ग्रुपवर दोन ओळी लिहायचो आणि पुसायचो. दिवसभर क्रेनखाली लोकांना ओरडून बाजूला करणारा मी, बोटाने एक बटण दाबायला घाबरत होतो. शेवटी संध्याकाळी धक्क्यावर बसून लिहिलं: हा वाचवलेला गोल नाही, गेलेला आहे. याच गोलसाठी तुम्ही सरांना चप्पल मारली होती. फ्रेम बाईंची आहे, घरी पोचवा.

 थोड्याच वेळात मला ग्रुपमधून काढलं आणि लगेच बापूशेठचा फोन.

"काय रं, लई शाना झाला का तिकडं जाऊन? फ्लेक्सवर चेंडू कोन बगतंय? आन तुजा भाऊ आपल्याकडंच हाय ना?"

 मागून येणारा माणूस मला स्पष्ट दिसत होता. मी म्हणालो, "शेठ, भाऊ तुमच्याकडंच हाय. त्याच्याच हातानं फ्रेम पाठवा. न्हाई पाठवली तर स्पर्धेच्या दिवशी मी नगरला येतो, आन स्टेजवर चपलेची गोष्ट सांगतो. आमी होस्टेलची पोरं गोलच्या मागंच बसल्तो."

तो शिव्या देत राहिला. मी फोन ठेवला आणि लगेच भावाला लावला.

रविवारी भाऊ स्कूटरवरून फ्रेम बाईंकडे देऊन आला. काचेला तडा गेलाय. भावाला अजून कामावरून काढलेलं नाही. काढतील या धास्तीने मी रोज त्याला फोन करतो आणि तो रोज वैतागतो. फ्लेक्स अजून चौकात आहे. उन्हाने बापूशेठचा चेहरा फिका पडलाय म्हणे. चेंडू मात्र तसाच दिसतो.

बाईंनी फ्रेम खिळ्यावर लावली आणि पुन्हा फोन धरून मला दाखवली. तोच न हलणारा हात. "आले बघ घरी," त्या म्हणाल्या. मग सवयीने म्हणाल्या, समुद्राचा आवाज ऐकव.

त्या दिवशी मी ऐकवला नाही. बाई, तुम्ही माझ्यासाठी दोनदा हात अवघडेपर्यंत फोन धरलात. आता मीच येईन, तडकलेली काच बदलीन आणि तुम्हाला गाडीत शेजारी बसवून इथे आणीन. समुद्र तुम्ही फोनवर ऐकायचा नाही. पाण्यात उभं राहून ऐकायचा, आणि तोवर तुमच्या चपला मी हातात धरीन.