भयंकर पुस्तक आणि रॉकेलची रांग

पंधराव्या वर्षी मी एक भयंकर इंग्रजी कादंबरी वाचली आणि स्वतःला फार विचारी समजू लागले. वडिलांची बँकेतून लखनौला बदली झाली होती आणि निशातगंजात रॉकेलच्या रांगेत उभं राहणं माझ्या वाट्याला आलं होतं. तिथेही मी ते पुस्तक मुखपृष्ठ सगळ्यांना दिसेल असंच धरायची.

माझ्या पुढे नेहमी एक बाई असायच्या, पायांत पुरुषी चपला घातलेल्या. आपला डबा रांगेत ठेवून त्या सावलीत बसत आणि तिथूनच हुकूम सोडत, "बिटिया, मेरा डिब्बा आगे कर दो." मी वाचता वाचता तो पायाने ढकलायची.

एकदा त्यांनी विचारलं, "क्या पढ़ती हो इतना?"

मी चेहरा गंभीर करून सांगितलं की भविष्यातलं एक शहर आहे, तिथे माणसांना नावं नाहीत, हातावर नुसते नंबर असतात आणि अन्नासाठी रोज रांग लावावी लागते. वाचून माझी तर दोन दिवस भूकच मेली होती.

दुकानदाराने तळहातावर शाईने लिहिलेला सत्तावीस नंबर घामाने पुसला जाऊ नये म्हणून बाई हातावर फुंकर घालत होत्या.

"अच्छा. और लाइन लगाओ तो खाना मिलता है?"

"हाँ, सबको."

"रोज़?"

"रोज़."

तेवढ्यात दुकानाचं शटर खाली आलं. तेल संपलं होतं. बाईंनी थुंकी लावून सत्तावीस पुसला आणि रिकामा डबा उचलला.

"उस शहर में हमारा भी नंबर लगवा दो, बिटिया."