भिंत गोंदियाले गेली

मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, आणि शाळेबाहेरचं एकही चित्र मी गेल्या चार वर्षांत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हे माझ्या नवऱ्यानं, अनिलनं, एका रविवारी पोहे खाताखाता दाखवून दिलं. त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत एक फोटो आला होता. पंकज नावाच्या गोंदियाच्या एका चित्रकारानं चिचगडच्या पुढच्या खेड्यात सारसांची जोडी रंगवली होती. गल्लीच्या एका बाजूच्या घरावर एक, समोरच्या घरावर दुसरा, माना वर करून एकमेकांना साद घालणारे. मधून बैलगाडी जात होती. मी कात्रण फ्रिजवर चिकटवलं आणि नाताळच्या सुट्टीत अनिलला गाडी काढायला लावली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: भंडारा, साकोली, देवरी असा सरळ हायवे आहे. ट्रक फार, पण रस्ता चांगला. चहा साकोलीला घ्या, तर्री-पोहे देवरीला खा, आणि पेट्रोल तिथंच भरून घ्या. देवरीतून उजवीकडे चिचगडचा रस्ता लागतो आणि दहा मिनिटांत जंगल सुरू होतं. मोबाईलची रेंज जाते. आमची गेली, तेव्हा अनिलचा चेहरा रिकाम्या डब्यासारखा झाला.

गावाच्या तोंडाशी पानठेल्यावर विचारलं, "सारसवाली गल्ली कुठं आहे?"

"सरळ जा जी. पन आता एकच सारस हाय."

"दुसरा पुसला गेला?"

"नाही जी. गोंदियाले गेला."

"कसा?" अनिलनं विचारलं.

"ट्रॅक्टरनं."

गल्लीत पोचलो. डाव्या घरावर सारस होता, देखणा, माणसाहून उंच. उजव्या घराला भिंतच नव्हती. त्या जागी भलंमोठं चौकोनी भगदाड होतं आणि त्यातून अख्खं स्वयंपाकघर दिसत होतं. चूल, मडकी, आणि लाखोळीच्या डाळीचे वडे तळणाऱ्या एक बाई. आम्ही भगदाडाशी जाऊन उभे राहिलो. बाईंनी मान वर केली.

"दारानं या जी," त्या म्हणाल्या.

आम्ही घराला वळसा घालून दारानं गेलो.

बाईंचं नाव सुकवंताबाई. त्यांचे यजमान टेकचंदभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. त्या बाजूची भिंत म्हणजे कूड. बांबूच्या कमच्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेण लिंपायचं. छप्पर खांबांवर असतं, त्यामुळे कूड सोडवून काढला तरी घर पडत नाही, फक्त भिंत नसते. पंकज आठ माणसं घेऊन आला, म्हणाला, गोंदियाला प्रदर्शन आहे, चार दिवसांत भिंत परत आणतो. आता बारावा दिवस होता. पंकज फोन उचलत नव्हता.

"कुत्रं येते, थंडी येते," सुकवंताबाई म्हणाल्या. "ते चालते. पन हा समोर बसून राह्यते."

समोरच्या ओसरीवर एक माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. ते धनलाल, टेकचंदभाऊंचे धाकटे भाऊ. सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद. मध्ये भिंत होती तोवर ते सोपं होतं. आता टेकचंदभाऊ जेवायला बसले की धनलालना भाजी दिसायची.

"आज वडे पातळ झाले वाटते," धनलाल पाठमोरेच आकाशाला म्हणाले.

"हे असं," सुकवंताबाई म्हणाल्या आणि चिमट्यानं वडा उलटवायला गेल्या. झारा सापडत नव्हता म्हणे. वडे मात्र फर्स्टक्लास होते. मी सात खाल्ले.

टेकचंदभाऊंनी आमच्या मारुतीच्या टपावर वितीनं माप घेतलं. अनिल कासावीस झाला. भिंत टपावर मावत नाही हे ठरल्यावर भाऊ म्हणाले, "मंग मलेच घेऊन चला गोंदियाले." आम्ही हो म्हणालो. ते मागं बसले. दुसरं दार उघडलं आणि धनलाल बसले.

"माया सारस एकटा पडला," ते अनिलला म्हणाले. "मी बी येतो."

आमगावमार्गे गोंदिया दोन तास. दोन्हीकडे कापलेली धानाची बांधी, मधूनमधून तळी. मला प्रवास फार सुंदर वाटला. अनिलला नाही.

"साहेब, त्याले सांगा, काच लाव म्हना."

"साहेब, त्याले सांगा, काच बिघडली हाय म्हना."

अनिल दोन तास निरोप पोचवत होता. आमगावच्या पुढं तो 'त्याले सांगा' ऐकायच्या आधीच निरोप पुढं देऊ लागला.

प्रदर्शन एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये होतं. आत गेल्यागेल्या धानाच्या कोंड्याचा ढीग आणि त्यावर सोडलेले तीन पंखे. कलाकृतीचं नाव 'श्वास'. अनिलला अकरा शिंका आल्या. एका मुलीनं वहीत लिहिलं, 'प्रेक्षकाचा सहभाग'.

भिंत मधोमध उभी होती. खाली लाकडी पाट, वर दिवे, भोवती दोरी. पाटीवर लिहिलं होतं, 'विरह'. लोक मान वाकडी करून सारस पाहत होते. टेकचंदभाऊ मात्र भिंतीच्या मागं गेले. तिथं धुरानं काळी झालेली स्वयंपाकघराची बाजू होती, कोनाड्यात काडेपेटी आणि हळदीची डबी जशीच्या तशी, आणि खिळ्याला झारा. भाऊंनी झारा काढून घेतला.

"हाथ मत लगाओ! प्रदर्शनी है!" वॉचमन धावला.

"माया घरचा झारा हाय."

प्रदर्शन भरवणाऱ्या बाई मुंबईहून आल्या होत्या. त्या हळुवारपणे म्हणाल्या, "काका, तो झारा आता कामाचा भाग आहे."

"कामाचाच हाय. वडे तळाचा."

झारा त्यांचाच कशावरून, असं वॉचमननं विचारलं. भाऊ झारा उलटसुलट करून पाहू लागले. तेवढ्यात मागून धनलाल बोलले.

"आमच्या मायचा हाय तो. मूठ तुटली होती तं मीच बसवली. तीन खिळे हायेत. दोन पितळेचे, एक लोखंडाचा. मोजा."

बाईंनी चष्मा लावून मोजले. दोन पितळेचे, एक लोखंडाचा. झारा टेकचंदभाऊंच्या हातात राहिला.

मग पंकज आला. तिशीचा, बोटांना गेरू. भाऊंना पाहून त्याचा रंग उडाला. "किस मुँह से फोन उठाता, भैया? दिल्लीवाले पाहून गेले. त्यांना हीच भिंत पाहिजे, तीन महिने." त्याचे वडील आयुष्यभर तांदळाच्या पोत्यांवर दुसऱ्यांची नावं छापत आले. स्वतःचं नाव पाटीवर लागायची ही त्याची पहिलीच वेळ.

"माई बायको उघड्यावर सैपाक करून राहिली," टेकचंदभाऊ म्हणाले, "अन तू दिल्ली सांगून राहिला."

पंखे फिरत होते. धनलाल भिंतीभोवती एक चक्कर मारून आले आणि थेट भावासमोर उभे राहिले.

"दादा, नेऊ दे त्याले. माया घरची बी नेऊ दे. जातेत तं जोडीनं जाऊ दे. पन पयले यानं आपल्याले दोन कूड बांधून द्याचे. सोताच्या हातानं."

टेकचंदभाऊंनी झाऱ्याची मूठ चाचपली. मग अनिलकडे वळले.

"साहेब, त्याले सांगा, ठीक हाय."

"अहो, ते तुमच्यासमोरच उभे आहेत."

"तरी सांगा."

अनिलनं सांगितलं. त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता. कोंड्यामुळे, असं तो आजही म्हणतो.

आम्ही स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो (साडेतीनशे रुपये, गरम पाणी बादलीनं). भाऊ मात्र दोघंही भिंतीपाशीच राहिले. सकाळी पंकज आणि त्याचे चार चित्रकार मित्र टेम्पोत बांबू घालून निघाले. आम्ही नागपूरचा रस्ता सोडून त्यांच्या मागं गेलो.

आधी धनलालभाऊंचा सारसाचा कूड सोडवून बाजूला ठेवला. मग दिवसभर ती मंडळी गुडघ्यापर्यंत माती तुडवत होती. एकाच्या अंगावर 'श्वास' लिहिलेला टीशर्ट होता. सुकवंताबाई काठीनं जाडी तपासत होत्या. "इथं पातळ हाय. पुन्हा लिंप." ते मुकाट लिंपत होते. कूड खांद्याइतका झाला तेव्हा सुकवंताबाईंनी हात वर केला.

"इथं खिडकी ठेवा जी. इतके दिवस समोर मानूस दिसत होता. आता एकदम अंधार कायले?"

समोर धनलालनी पंकजच्या मित्राला आपल्या नव्या कुडावर बोटानं एक चौकोन काढून दाखवला, त्याच उंचीवर.

घरी आल्यावर पाहिलं, मी चाळीस फोटो काढले होते आणि एकातही अख्खा सारस नव्हता. सगळ्यांत कोणाचं तरी डोकं, घमेलं, बांबू. शाळेत मुलांनी विचारलं तेव्हा फळ्यावर काय काढावं ते मला सुचेना, म्हणून मी कूड कसा बांधतात ते काढलं. तो माझा सगळ्यात चांगला तास झाला. चित्र पाहायला गेले होते आणि चिखल पाहून आले, याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

उन्हाळ्यात टेकचंदभाऊंना फोन केला. दोन्ही भिंती दिल्लीहून परत आल्या होत्या आणि गुरांच्या गोठ्याला लागल्या होत्या, शेजारीशेजारी.

"आणि धनलालभाऊंशी बोलता का आता?" मी विचारलं.

"नाही जी."

मला वाटलं, खिडक्या फुकट गेल्या.

"भांडून राहिलो," ते खुशीत म्हणाले. "रोज. खिडकीतून. त्या दोन सारसांतला नर कोनता म्हनून."