मंदाकिनीकाकूंनी लिहून ठेवलेल्या वेळा

रविवारी सकाळी दहाच्या वर्गासाठी मंदाकिनी भुसारी लॅपटॉपसमोर बसायच्या, त्या वेणी घालून, बाहेर जायची साडी नेसून. आम्ही त्यांना काकू म्हणायचो आणि आमची मुलं आजी. तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे ट्रेस केले होते. पांढऱ्या पाटीवर पेनने त्या ‘क्ष’ काढायच्या तेव्हा स्क्रीनवर बघत राहावंसं वाटायचं.

रायपुरात पंडरीच्या कापड बाजारामागे दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मूलबाळ नाही. श्यामकांतकाका रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्या घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. “हप्त्यातून एक तास मराठी बोलते मी,” त्या म्हणायच्या. “बाकी दिवस भाजीवाल्याशी हिंदी, नाहीतर चूप.”

तो एक तास म्हणजे आमच्या मुलांचा मराठी वर्ग. सुरुवातीला अकरा मुलं होती. बीरगांवपासून नव्या रायपूरपर्यंत पांगलेली, म्हणून वर्ग इंटरनेटवर. पण काकूंचं वायफाय तुटायचं. गोष्ट ऐन रंगात यायची आणि काकू तोंड अर्धवट उघडं ठेवून तशाच थिजायच्या. मुलं हसायची. दोन मिनिटांनी काकू परत यायच्या आणि आधी माफी मागायच्या.

लॅपटॉप काकांचा होता आणि त्यावर लिनक्स होतं. काकांनीच हौसेनं टाकलेलं. “ते काढून विंडोज टाका,” सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं.

“त्यांनी हातानं बसवलेलं आहे शर्मिष्ठा,” काकू म्हणाल्या. “मी शिकते ना. नकाशे शिकलीच होती की.”

आणि सदुसष्टाव्या वर्षी त्या खरंच शिकल्या. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करू लागल्या. राउटर कपाटावरून खिडकीत आणला. दोन वायफायची नावं एकच होती, ती वेगळी केली. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि राउटर ओ देतो, ते पिंग त्या वर्गभर कोपऱ्यात चालू ठेवत. लॅपटॉप आपली नोंद आपणच ठेवतो हे कळल्यावर ती वाचायला शिकल्या. शेजारी वही. वहीत प्रत्येक मुलाचं नाव आणि कोणाचं किती वाजता तुटलं ती वेळ. दर रविवारी दुपारी त्या घरोघरी फोन करून वेळा विचारायच्या.

मला इथे माझं सांगितलं पाहिजे. माझी देवश्री दहा वर्षांची. मार्चमध्ये तिला पोहण्याच्या क्लासला घातलं, रविवारी अकरा वाजता, तेलीबांध्याच्या आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. काकूंना सरळ सांगायचं मला जड गेलं. मी देवश्रीला म्हटलं, साडेदहाला बंद कर, आजींनी विचारलं तर सांग नेट गेलं. नंतर कळलं, इतर घरांतही कोणाचं अबॅकस, कोणाचं क्रिकेट, आणि उत्तर हेच.

दुपारी काकूंचा फोन यायचा. “देवश्रीचं कधी तुटलं गं?”

“साडेदहाच्या सुमारास, काकू.”

त्या लिहून घ्यायच्या. मग लॅपटॉपच्या नोंदीत ती वेळ शोधायच्या. तिथे काहीच नसायचं. “दहा बत्तीसला माझ्याकडे सगळं ठीक होतं म्हणून राहिला हा लॅपटॉप,” त्या चक्रावून सांगायच्या, “मग पोरीचं तुटलं कसं?” चार महिने त्या हे शोधत होत्या. मी “काय माहीत” म्हणायचे.

जुलैत त्यांना त्यांच्याकडचा खरा दोष सापडला. बॅटरी वाचवायला वायफायचं कार्ड मधूनमधून झोपत होतं. एका फाइलमध्ये तिनाच्या जागी दोन लिहायचा होता, एवढंच. त्यांनी मला भर दुपारी बँकेत फोन केला. “सापडलं गं! झोपून राहिलं होतं ते! आता तासभर एकदाही नाही तुटलं!” इतका आनंद त्यांच्या आवाजात काका गेल्यानंतर मी ऐकला नव्हता.

त्या रविवारी देवश्रीसकट चार मुलं नेहमीसारखी मधेच गेली.

“म्हणजे आता तुमच्याकडचं पाहावं लागते,” काकू म्हणाल्या. मी नको नको म्हटलं, पण शनिवारी संध्याकाळी ई-रिक्षातून लॅपटॉपची बॅग छातीशी धरून त्या आल्या. आमच्या डायनिंग टेबलावर अर्धा तास पिंग चालवलं. मी चहा केला, पोहे केले, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं टाळलं.

“अठराशे हाका मारल्या,” त्या म्हणाल्या, “एकही वाया नाही गेली. तुमचं नेट तर चांगलं आहे.” मग वही उघडून देवश्रीला जवळ बोलावलं. “पाहा बेटा. दहा तीस, दहा बत्तीस, दहा एकोणतीस. दर वेळी साडेदहालेच काहून जात असेल?”

देवश्रीला वाटलं आजी खरंच विचारतायत. ती म्हणाली, “आजी, ग्यारह बजे मेरी स्विमिंग रहती है ना.”

काकूंनी वहीकडे पाहिलं. बाकीच्या मुलांच्या रांगांवरून त्यांचं बोट सावकाश खाली गेलं. मी दारात उभी होते, हातात पोह्यांची बशी.

“येते का आता पोहता?” त्यांनी विचारलं.

“हाँ आजी, पूरा एक लैप.”

“छान. शिक.”

पोहे त्यांनी संपवले. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, “काकू, माझं चुकलं. मी सांगायला पाहिजे होतं.”

त्या बॅगेचा पट्टा सारखा करत होत्या. “चार महिने मी त्यांच्या लॅपटॉपले बोल लावले गं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी देवश्रीला पूर्ण तास बसवलं. मीही मागे बसले. पाच मुलं होती. काकूंनी जोडाक्षरं शिकवली, एक गोष्ट सांगितली, कुठेही तुटलं नाही. अकराला त्यांनी डोळ्यांचा त्रास वाढल्याचं सांगून वर्ग कायमचा बंद केला. आयांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं.

दोनदा मी पंडरीला गेले, दोन्ही वेळा कुलूप होतं. दिवाळीच्या आधी फोन लावला.

“हाँ शर्मिष्ठा, बोलो बेटा,” त्या म्हणाल्या.

मी मराठीतच बोलत राहिले. तब्येत विचारली, घरी यायचं आमंत्रण दिलं. त्यांनी प्रत्येक गोष्टीचं नीट, मायेनं उत्तर दिलं, हिंदीत. देवश्रीचं पोहणंही विचारलं. मग दारावर कोणी आलंय म्हणाल्या आणि फोन ठेवला.