‘राखरान’बद्दल खरं बोलल्यावर

धम्मप्रिया पैसे देऊन भीती विकत आणते, असं तिची आत्या नागूबाई शेजारणींना सांगायची. त्यात थोडं कौतुक असायचं, थोडी काळजी. आत्याचा जन्म विड्या वळण्यात गेलेला. पडद्यावरच्या अंधाऱ्या भुयारातून बंदूक घेऊन चाललेली भाची दिसली, की ती दारातूनच मागं फिरायची.

धम्मप्रिया शाळेत होती तेव्हाच आई गेली. सोलापुरात, बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत आता तिघंच होते: ती, आत्या आणि एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले वडील प्रदीप. त्यांना ती अप्पा म्हणायची. दिवसा ती डोळ्यांच्या एका खाजगी दवाखान्यात काउंटरला बसून केसपेपर काढायची, पेशंटची नावं पुकारायची. घरी आली की गेम खेळायची आणि खेळून झालं की त्यावर बोलायची. ‘खेळून बघितलं’ नावाचं तिचं चॅनल होतं. चेहरा तिनं कधी दाखवला नाही. बाईमाणूस बंदुकीचे खेळ खेळते म्हटल्यावर लोक काय लिहितात, ते तिनं दुसऱ्या मुलींच्या चॅनलवर वाचलं होतं. पण आवाज कुठं लपवणार? घोगरा, भरदार, शब्दाच्या शेवटाशी जरा रेंगाळणारा तिचा आवाज एकदा ऐकला की डोक्यात बसायचा. खेळ शेवटापर्यंत नेल्याशिवाय ती त्यावर तोंड उघडत नसे, आणि उघडलं की हातचं राखून बोलत नसे.

मग ‘राखरान’ आला. पुण्यातल्या एका नव्या कंपनीनं कैक वर्षं खपून केलेला. जग जळून गेलंय, सगळ्या पठारावर राख साचलीय, उरलेली माणसं कोरड्या धरणांच्या पोटातल्या बोगद्यांत राहतात, आणि तोंडाला फडकं बांधून आपण पाण्याच्या शोधात बाहेर पडायचं. आपल्याकडं एवढा मोठा खेळ कुणी रचला नव्हता. यायच्या आधीच पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. ज्या समीक्षकांना कंपनीनं खेळ आधी पाठवला, त्यांनी दहापैकी नऊ, साडेनऊ अशा मार्कांची खैरात केली.

धम्मप्रियानं तो स्वतः विकत घेतला आणि पहिले काही तास ती हरखून गेली. राखेचं वादळ उठलं की खरोखर श्वास अडकायचा. एकदा मारून पळवलेली कुत्री आपल्याला लक्षात ठेवून पुढच्या गावात दबा धरून बसायची. मग एकेक टाका उसवायला लागला. भिंतीतून माणसं आरपार येऊ लागली. जपून ठेवलेला खेळ अचानक पुसला जायचा आणि सगळं पहिल्यापासून. एक म्हातारी आपला मुलगा तहानेनं कसा मेला ते सांगत होती आणि सांगता सांगता कमरेपर्यंत जमिनीत रुतत गेली, तरी तिचं बोलणं चालूच. शेवटच्या धरणाचं दार तर उघडेचना. चार वेळा पुन्हा खेळल्यावर कधीतरी उघडलं.

तिनं जे पाहिलं ते सांगितलं. चांगलं तेही सांगितलं, म्हातारीचा प्रसंगही दाखवला. शेवटी म्हणाली, “ज्यांनी हा खेळ रचला त्यांची छाती मोठी आहे. पण तो आत्ताच विकायला काढला, हे बरं केलं नाही. थांबा, इतक्यात घेऊ नका.”

पहिल्या दिवशी लोक नुसतं वाद घालत होते. दुसऱ्या दिवसापासून शिव्या आल्या. आपल्या माणसांनी केलेल्या खेळाला नावं ठेवायचे हिला किती मिळाले, असं कुणी विचारलं. मग तिचं नाव आणि नंबर कुणीतरी शोधून काढला, आणि नावावरून जात काढली. त्यानंतर जे लिहिलं गेलं ते तिनं अप्पांना दाखवलं नाही. अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. उचलला की पलीकडून कुणी बोलायचं नाही, फक्त ‘राखरान’मधल्या कुत्र्यांचं गुरगुरणं ऐकू यायचं.

आणि एका दुपारी, दवाखान्यात डबा खाताना, तिला फोटो आला. त्यांच्या गल्लीचं तोंड, कोपऱ्यावरची पाण्याची टाकी, आणि टाकीपाशी घागर घेऊन उभी असलेली आत्या. खाली लिहिलं होतं, ‘पाणी जपून वापरा.’

घास तोंडातच राहिला. आत्याला फोन लावला तर ती नेहमीसारखी बोलली, भाजी काय करू म्हणून विचारलं. धम्मप्रियानं एवढंच सांगितलं, की आज बाहेर जाऊ नको, दाराला कडी लाव.

त्या दिवसापासून गल्लीत मोटरसायकल थांबली की ती दिवा मालवून खिडकीशी जायची. रस्त्यात कुणी फोन वर धरला की ती ओढणी तोंडावर घ्यायची. काउंटरवर तर कमालच झाली. ज्या आवाजानं रोज नावं पुकारायची, तोच आवाज आता घशात अडकायचा. ती चिठ्ठीवर नाव लिहून दवाखान्यात कामाला असलेल्या गिरिजाबाई मावशींकडं द्यायची आणि मावशी पुकारायच्या. डॉक्टरांनी विचारलं तर घसा बसलाय म्हणाली. व्हिडिओ काढून टाकायचा, एवढंच डोक्यात होतं. दोनदा बोट तिथवर नेलंही.

अशातच तो तरुण आला. पंचविशीचा, खांद्याला बॅग. कुणी पेशंट बरोबर नाही, केसपेपर नाही. बाकावर बसून तिच्याकडं बघत राहिला. तिनं मान खाली घातली. थोड्या वेळानं वर बघितलं, तर अजून बघतोय. दवाखाना सुटायच्या वेळेला तो खाली गाड्यांच्या शेडपाशी उभा होता. मावशींचा दंड घट्ट धरून ती जिना उतरली.

तो पुढं आला तशा मावशी मधे उभ्या राहिल्या.

“काय काम हाय?” त्यांनी विचारलं.

“ताईंशी बोलायचंय,” तो म्हणाला. “तो फोटो मी काढला होता.”

धम्मप्रियाला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. त्याचं नाव अजिंक्य, गाव वेळापूर. महिन्यापूर्वी तो आजीला, दगडाबाईला, मोतीबिंदूसाठी घेऊन आला होता. काउंटरवर आवाज ऐकताच त्यानं ओळखलं. ‘राखरान’ त्याचा जीव की प्राण. राग आला, म्हणून दवाखान्यातल्या शिपायाकडून तिच्या गल्लीचा पत्ता काढला, फोटो घेतला आणि खेळाच्या ग्रुपमध्ये टाकला. गंमत म्हणून, तो म्हणाला. खालचं वाक्य त्याचं नव्हतं. पण आता त्याच ग्रुपमध्ये कुणी तिच्या येण्याजाण्याची वेळ विचारत होतं. कुणीतरी गाडी काढून सोलापूरला यायचं म्हणत होतं.

“मी फोटो काढून टाकला, ताई. पण तो आता सगळीकडं गेलाय. मला झोप लागत नाही.”

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रडावंसंही वाटलं. ती एवढंच म्हणाली, “हे जसं मला सांगितलंस, तसं पोलिसांत सांगशील?”

त्यानं बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट ओढून घेतला. मग म्हणाला, सांगतो.

घरी आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं अप्पांना सगळं वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. जातीवरून लिहिलेलं होतं तिथं ते थांबले, पुन्हा वाचलं, आणि फोन उलटा ठेवला.

“तू त्या खेळाबद्दल खोटं काय बोललीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही, अप्पा.”

“मग व्हिडिओ काढून टाकू नको. भ्या वाटतंय ते मलाबी वाटतंय. पण आता एकटीनं भिऊ नको.”

आत्या चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “माजा फोटू काडला व्हय? येऊ दे की कोण येतंय ते.” पण म्हणताना तिनं उठून कडी लागली का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा, धम्मप्रिया आणि अजिंक्य सायबर पोलिसांकडं गेले. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी एकेक मेसेज बघितला, जातीवरचे वेगळे काढायला लावले. अजिंक्यनं जबाब दिला आणि आधी सांगितलेला एकही शब्द फिरवला नाही. ग्रुपमधल्या तिघांना बोलावणं गेलं. गाडी काढून येणारं मग कुणी आलं नाही. ते खरंच येणार होते का, हे धम्मप्रियाला कधीच कळलं नाही, आणि न कळण्याचीच भीती तिच्यात सगळ्यांत जास्त दिवस टिकली.

तिकडं ‘राखरान’चं पितळ उघडं पडत गेलं. हजारोंचे खेळ पुसले गेले. साडेनऊ देणाऱ्यांनी आपापले व्हिडिओ गुपचूप बदलले. शेवटी कंपनीनंच कबूल केलं, की खेळ कच्चा असताना बाहेर काढला, आणि दुरुस्त्या सुरू केल्या. शिव्या देणाऱ्यांचा मोर्चा कंपनीकडं वळला. धम्मप्रियाची माफी मात्र कुणी मागितली नाही. खेळाचे आवाज रचणाऱ्या रुद्राणी नावाच्या बाईंचा तेवढा मेल आला. म्हातारीचं बोलणं त्यांनी आपल्या आजीकडून वदवून घेतलं होतं. ते तसं वाया गेलेलं बघून त्या रडल्या होत्या, आणि आता त्यांनाही धमक्या येत होत्या. धम्मप्रियानं उत्तरात तक्रार कशी करायची ते सविस्तर लिहून पाठवलं.

वर्षभरानं दुरुस्त झालेला खेळ तिनं पुन्हा पहिल्यापासून खेळला. म्हातारी आता ओट्यावर नीट बसली होती. मुलाचं सांगून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि धम्मप्रियानं तो प्रसंग पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकला. तिनं नवा व्हिडिओ केला: खेळ आता घ्या, म्हणाली, मोठा खेळ आहे. बोलताना मधे गल्लीत मोटरसायकल थांबली. ती गप्प झाली, कान देऊन ऐकत राहिली. शेजारच्यांकडं कुणी पाहुणे आले होते. ती थांबलेली जागा तिनं कापून टाकली नाही. व्हिडिओत ती तशीच आहे, आणि त्या शांततेत तिचा श्वास ऐकू येतो.